यादीत बेंजो नाय

नाय नाय, उठू नका मॅडम, बसा. चहा गार झाला असेल तर दुसरा टाकायला सांगतो. पण ते आता फोनमधून वाचलंत ना, ते परत एकदा वाचा — हळू वाचा, मी काय कॉलेजात गेलेलो नाय. काय ते — डीजे नको, फिल्मी गाणी नकोत, बेंजो नको. बरोबर? आणि त्याच्या खाली? 'फक्त ओरिजिनल आगरी संगीत.' बरं. म्हंजे कसं हाय बघा — शिवानी माझ्या सख्ख्या भावाची पोर, शिवदासची, याच ओटीवर रांगलेली, चार वर्षांची असताना आईबापाबरोबर कॅनडाला गेली. आता तिचं लगीन, काशीदला, समुद्रावर, इथून गाडीने पाऊण तास. नवरा कॅनडाचा, पाव्हणे तीन देशांतले. आणि तिचा सख्खा काका, हा मी, तीस वर्षं बेंजो वाजवतोय, सदा बेंजोवाला म्हटलं की अलिबागपासून रोह्यापर्यंत कुठच्याही हळदीत बायका जागा करून देतात — त्या काकाला सांगायला मुंबईवरून मॅडम पाठवली, की काका, या, जेवा, फोटोत उभे राहा, फक्त तुमचं वाद्य तेवढं घरी ठेवा.

रागावलोय? नाय, तुमच्यावर कशाला रागावू, तुमचं काम हाय ते, लग्नं लावून द्यायची, मंडप बघायचे, फुलं बघायची — नाय, खोटं कशाला बोलू, तुमच्यावर पण रागावलोय. कारण तुम्ही आत आलात, बेंजोवर फडका घातलेला दिसला, आणि बोललात, 'हे काय, कॅसिओ हाय का?' आणि पुढच्या मिनिटाला मला सांगताय ओरिजिनल काय ते. वाद्य ओळखता येत नाय आणि यादी घेऊन फिरताय.

हे बघा. फडका काढतो. घाबरू नका, वाजवत नाय. लाकडाची पेटी, वर तारा, आणि ही बटणं, टाइपरायटरसारखी. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आता हे आगऱ्यांनी बनवलं का? नाय. मला ठाऊक हाय, तुम्ही सांगायची गरज नाय. इकडच्या एका कंपनीत खंडेनवमीला आमची पार्टी लावली व्हती, झाली दहा-बारा वर्षं. तिथे एक जपानी साहेब, म्हातारा, पांढरे केस, कार्यक्रम चालू असताना खुर्ची सोडून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं आवाज कमी कर सांगतोय. तो नुसता बटणांकडे बघतोय. मग त्यांचा दुभाष्या आला — बोलला, साहेब सांगतात, हे माझ्या आजीच्या घरी व्हतं. शंभर वर्षांमागे जपानात कोणीतरी टाइपरायटर बघूनच बनवलेलं, तिकडच्या म्हाताऱ्या बायका अजून वाजवतात, तिकडे त्याला नाव पण वेगळं, माझ्या जिभेवर बसत नाय. मी उठलो, त्यांना बसवलं माझ्या जागेवर. आणि त्यांनी वाजवलं कायतरी, चार-पाच सूर, हळू — एवढं हळू की आमचा धर्माजी, ढोलकीवाला, हात धरून बसला, कुठे थाप मारू कळेना. तेच वाद्य, मॅडम. त्याच तारा. आमच्या हातात आलं की नवऱ्याची आत्या पदर खोचून उठते, आणि त्यांच्या हातात गेलं की अख्खी कंपनी गप्प. मग ते कोणाचं? जपानचं की सदाचं? तुमच्या यादीत कुठल्या रकान्यात घालाल?

आणि नाव — नाव तर त्यांचं पण नाय आणि आमचं पण नाय. ते मला कोणी सांगितलं, तुमच्या नवरदेवानेच. कॅलमने. फोनवर बेंजो दाखवला त्याला, तर हसायला लागला, बोलला, अंकल, हा बेंजो नव्हे. खरा बेंजो वेगळा, गोल, डफासारखा, वर चामडं ताणलेलं आणि लांब दांडी — त्याच्या आजोबाकडे व्हता. आणि तो पण त्यांचा नव्हे, आफ्रिकेतून बेड्या घालून जी माणसं अमेरिकेत नेली ना शेतावर राबवायला, त्यांनी आपल्या गावचं आठवून आठवून तिकडे बनवलेला. शिवानी मध्ये बसून सगळं मराठीत करून सांगत व्हती. पोरगा चांगला हाय, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाय. पण बघा ना — नाव आफ्रिकेचं, अमेरिकेत घासलेलं, वाद्य जपानचं, आणि वाजतंय इथे आमच्या नागावला, हळदीत. मला तर ऐकून छाती फुगली. मला वाटलं, शिवानीची पण फुगली असेल. तिने काय केलं? तिने यादी केली.

आणि त्याच यादीत पुढे काय हाय ते वाचा ना. वाचा, लाजू नका. नवरदेवाची एंट्री — पिशवीवालं वाद्य, ते फुंकतात ते, घागरे घातलेले बाप्ये. चार माणसं येणार त्याच्यासाठी कॅनडावरून. का, तर कॅलमच्या घराण्याची परंपरा. अहो, कॅलमचं घराणं कॅनडाचं कधीपासून? त्याच्या पणज्याचा पणजा बोटीत बसून तिकडे गेला, स्कॉटलंड की काय तिथून, पोरंबाळं घेतली, बटाटे घेतले, आणि ती पिशवी काखेत मारली. गेला ना समुद्र ओलांडून? मग त्याची पिशवी समुद्र ओलांडून गेली तर ती परंपरा, आणि माझा बेंजो समुद्र ओलांडून आला तर तो कचरा. मला शंभर वर्षं कमी पडली म्हणून? किती वर्षं झाली की चालतं, आकडा सांगा. मी थांबतो.

नाय, तुम्ही ऐका. तुम्ही मघाशी मंडप कुठे घालणार बोललात? सुरूच्या बनात. 'नॅचरल' वाटतं म्हणून. ती सुरूची झाडं ऑस्ट्रेलियाची, सरकारने लावली वारा अडवायला — माझ्या बापसाने स्वतः खड्डे मारलेत. वादळात निम्मी आडवी झाली, ती गोष्ट वेगळी. जेवणात काय? आगरी मसाल्याची कोंबडी. त्यातली मिरची कुठून आली? ती पण बाहेरून, बोटीतून, रेवदंड्याला किल्ला बांधून बसले त्या पोर्तुगीजांच्या हातून. सकाळच्या नाश्त्याला पाव-बटाटा. सगळं चालतं. पोटात गेलं की ओरिजिनल. कानात गेलं की लगेच चाळण लावायची.

आणि आता तुम्हाला एक दाखवतो, थांबा — नाय, राहू द्या, फोन चार्जिंगला हाय. तोंडानेच सांगतो. मागच्या वर्षी शिवानीने व्हिडिओ पाठवला, तिकडच्या मंडळातला. गणपतीचा कार्यक्रम, मोठा हॉल, बाहेर बर्फ. आणि आत आमची शिवानी, डोक्याला गजरा, कमरेला पाटी, कोळणीचा नाच. आता आम्ही आगरी, भातवाले, मिठागरवाले, आमच्या घरात पाटी उचलून मासळी कोणी विकली नाय कधी. पण मी काय बोललो? काय नाय बोललो. कॅनडात उभी राहून पोर समुद्राची आठवण काढते, काढू दे. तिच्या मागे गाणं कुठलं व्हतं माहीत हाय? बेंजोचं. कॉम्प्युटरवरचा बेंजो. सगळे गोरे पाव्हणे टाळ्या वाजवतायत. तिकडे बर्फात बेंजो चालला, मॅडम. इकडे वाळूत नाय चालत.

तिचा बाप आता इथे असता ना, कॅनडात बसला नसता, तर त्याला विचारलं असतं. शिवदास. बोटीवर खलाशी व्हता आधी, मोठ्या, मालाच्या बोटी. पाच-पाच महिने घरी नाय. यायचा तेव्हा दुसरे लोक घड्याळं आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे, हा माझ्यासाठी कॅसेटी आणायचा. जिथे बोट लागेल तिथल्या. एक आणलेली ब्राझीलच्या कुठल्या बंदरावरून, वरचा कागद पण नाय, बाजारातून उचललेली. त्यात एक तुकडा व्हता — एवढासा, वर चढतो, तिथे जरा लटकतो, आणि पायऱ्या उतरल्यासारखा धडाधडा खाली येतो. मी तो आठ दिवस घोकला. पार झोपेत बोटं हलायची. तीच माझी सलामी. आमची पार्टी मंडपात उभी राहिली की पहिलं ते वाजणार, मग बाकी सगळं. आज चार तालुक्यांत पोरं ती सलामी वाजवतात, त्यांना वाटतं आगऱ्यांची जुनी चाल हाय. मी पण सांगत नाय कोणाला. तुम्हाला का सांगितलं देव जाणे.

काय? काय बोललात? परत बोला.

धवलारीण.

हो, मला माहीत हाय धवलारीण म्हंजे काय, माझ्याच घरात बसून मला काय सांगता. लग्नात धवले गाते ती. मंडप घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं, आमच्यात भटजी नंतर, धवलारीण आधी. तुमच्या यादीत लिहिलंय? नाव काय लिहिलंय? रंगूबाई. आजी. वा. म्हंजे बेंजोच्या जागी माझ्या आयला उभी केलीत. मला घरी बसवायचं आणि माझ्याच आयला पुढे बसवायचं. आणि ती गाणार असं कोण बोललं तुम्हाला? शिवानी बोलली? शिवानीला काय ठाऊक. ती इथून गेली तेव्हा आयने गाणं सोडलेलं. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत कोणी किती पाया पडलं, मंत्र्याच्या घरचं बोलावणं आलं, आकाशवाणीवाले आले, ती उंबऱ्याच्या बाहेर पण नाय आली. घसा गेला. वय झालं. गाणी विसरली. लिहा तुमच्या फोनमध्ये, आजी गाणार नाय.

अहो मॅडम, कुठे निघालात? मागे नाय जायचं. बसा. ती मागच्या पडवीत कांद्याच्या वेण्या बांधतेय, पांढरा कांदा काढलाय आताच, तिचं काम चालू हाय, तिला तिच्या कामात राहू द्या. तिला विचारायचं नाय. मी सांगतो ना, नाय गाणार. मी आवाज चढवत नाय. मी — बरं, चढवला असेल. बेंजोवाल्याचा घसा असाच असतो, ॲम्प्लिफायरवर ओरडायची सवय.

घसा नाय गेला तिचा.

तुम्ही बाहेरच्या हाव, उद्या मुंबईला जाल, म्हणून सांगतो, आणि परत तिच्याजवळ हा विषय काढू नये म्हणून सांगतो. केसर माझी बहीण. उरणला दिलीय. तिच्या लग्नाला बापूस नव्हता. भागोजी, आमचा बापूस, श्रावणात मिठागरावर छातीत कळ येऊन गेला, आणि आमच्यात कसं असतं, घरात मयत झालं की लगीन एकतर वर्षाच्या आत उरकायचं, नायतर तीन वर्षं थांबायचं. केसरला स्थळ आलेलं चांगलं. म्हणून फाल्गुनात लगीन. हळदीला याच अंगणात मंडप. आणि धवलारीण दुसरी कोण बोलवणार, पंचक्रोशीत आयच मोठी. आपल्या पोरीचे धवले आपणच गाणार बोलली.

हळदीच्या आधी आवतणाचा धवला असतो. त्यात सगळ्यांना लग्नाला बोलवायचं. आधी देव, मग गावदेवी, मग समुद्र, शेतं, खाडी, आणि मग घरातले मेलेले, एकेकाचं नाव घेऊन. पणज्यापासून सुरू करायचं, ताजा मेलेला शेवटी. ज्याचं नाव घेतलं तो येतो, मंडपात बसतो, असं हाय. मागे दोघी बायका झेल धरायला, म्हंजे तिची ओळ उचलून परत गायला. मध्ये कोणी बोलायचं नाय, पोर रडलं तर बाहेर न्यायचं. आणि तो संपला की वाजंत्री. तेव्हा मी वाजवणार, असं ठरलेलं. आणि मी नवा ॲम्प्लिफायर आणलेला, दोन भोंगे, एक त्या आंब्यावर बांधलेला, एक इथे, पन्हळीला. गावात तोपर्यंत कोणाकडे नव्हता. सकाळपासून पोरं विचारतायत, सदा कधी, सदा कधी. आणि धवला लांबतोय. पणजा झाला, आजा झाला, आजी झाली, चुलत आजा झाला. मी बेंजोवर हात ठेवून बसलोय.

आता ऐका. आयने जन्मात कधी बापसाचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नायत. 'पोरांचा बापूस' बोलायची, नायतर 'घरातले'. रेशनच्या हापिसात विचारलं तरी आम्हाला पुढे करायची. पण आवतणात घ्यावंच लागतं. तिथे 'घरातले' नाय चालत, मेलेल्याला नावाने बोलवायला लागतं. तर ती तिथपर्यंत आली. आणि थांबली.

मला वाटलं झालं. मी वाजवलं. सलामी, पूर्ण आवाजात, दोन्ही भोंग्यांतून. पोरांनी शिट्या मारल्या, मंडप उठला नाचायला. बस, एवढंच. चूक झाली. कोणाची पण झाली असती. ती थांबली, मला वाटलं संपलं.

असं मी सव्वीस वर्षं सांगतोय.

धर्माजी माझ्या बाजूला बसलेला. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवलेला, बोलला, थांब, म्हातारीचं झालं नाय, भागोजीबाबाचं राहिलंय. मी ऐकलं. ऐकूनच वाजवलं. मला काय वाटलं सांगू, मला वाटलं, किती वेळ हे मेलेल्यांचं, आता जिवंत माणसांची पाळी. सव्वीस वर्षांचा व्हतो मी तेव्हा. आणि वाजवता वाजवता मी आयकडे बघितलं. तिचं तोंड उघडं व्हतं. नाव तोंडात व्हतं. तिने तोंड मिटलं, पाटावरून उठली, पदर सारखा केला आणि हळदीची वाटी केसरच्या सासूच्या हातात दिली. त्याबद्दल मला एक शब्द बोलली नाय. तेव्हा नाय, नंतर नाय. जेवायला वाढते, औषध मागते, माझ्या पोरांना न्हाऊमाखू घातलं तिने, सगळं केलं. गायली नाय. आणि बापूस पोरीच्या लग्नाला आला नाय, कारण त्याला कोणी बोलवलंच नाय. आता कळलं तुम्हाला, कोणी कोणाचं गाणं बुडवलं? तुमच्या शिवानीने यादी आज केली. मी तेव्हाच केलेली. माझ्या यादीत धवला नव्हता. लाज वाटते सांगायला, पण हाय ते हाय.

म्हणून सांगतो, मागे जाऊ नका.

काय, काय बोललात? ती हो बोलली? कोणाला हो बोलली? शिवानीला? अहो कधी? तिचं आणि शिवानीचं बोलणं कुठे होतं, तिला फोन शिवानीने दिला खरा, पण म्हातारीला नुसतं वेड लागलंय फोनचं, पहाटे उठते आणि फोन घेऊन कांद्याच्या शेतात जाते, पाणी लावायचं असो नसो. आम्ही हसतो. माझी बायको बोलते, कांद्यांना कीर्तन ऐकवते. पहाटेचे सहा. तेव्हा तिकडे —

तिकडे रात्र असते. जेवणं झाल्यावरची.

किती दिवस? वर्षभर. म्हंजे वर्षभर माझी आय रोज पहाटे त्या बांधावर उभी राहून कॅनडात गातेय, आणि मी इथे वीस पावलांवर झोपलोय. खोटं बोलताय तुम्ही. शिवानीने सांगितलं म्हणून तुम्ही सांगताय. असं काय नाय. ती गाणं विसरली, मी सांगतो तुम्हाला —

हाय? तिचं गाणं? तुमच्या फोनमध्ये? लावू नका. मला नाय ऐकायचं. कशाला पाठवलं तिने तुम्हाला, हे काय पाठवायचं असतं का कोणालाही, मंडप सजवणाऱ्याला, फुलवाल्याला. आवतण हाय ते — बरं, लावा. हळू लावा. आय मागे हाय. आणखी हळू. आणा इकडे, कानाजवळ.

तिचाच हाय.

आवाज खाली आलाय. पण तिचाच. 'समिंदराला बोलवा गो, भरतीसंगं येऊ द्या' — हो. हे असंच. मागे पाण्याचा पंप ऐकू येतोय, बघा, आमचाच पंप. 'खाडीला बोलवा गो' — झेल धरायला कोण नाय, एकटीच घेते, दोन्हीकडचं. पणजा. आजा. आजीचं नाव बायजा, बरोबर. चुलत आजा.

आता थांबेल.

थांबली.

हे काय हाय? नाय, बंद करू नका. मागे घ्या जरा. परत. हे — हे ती तोंडाने काय करतेय, थांबल्यावर? वर चढली, लटकली, आणि पायऱ्या उतरल्यासारखी —

हे धवल्यात नाय. धवल्यात असं काय नसतं. हे माझं हाय. मी त्या दिवशी वाजवलं ते. शिवदासच्या कॅसेटीतलं, ब्राझीलचं. ती जिथे थांबलेली, आणि मी जिथे वाजवलं, तिथेच घेतलंय तिने. पूर्ण, एक सूर गाळला नाय. माझ्यापेक्षा हळू. आणि मग —

भागोजी.

घेतलं. नाव घेतलं तिने. ऐकलंत ना? 'भागोजीला बोलवा गो, नातीच्या लग्नाला.'

ठेव तो फोन. ठेव बाय, पर्समध्ये ठेव. नाय, काय नाय झालं मला, धूर गेला डोळ्यांत, बायको चूल पेटवतेय बहुतेक. काय बोललीस? शिवानीला तोच तुकडा सगळ्यात आवडतो? तो मधला, बिनशब्दांचा? सगळ्यात जुना वाटतो तिला. हजार वर्षांचा. असं बोलली ती? कॅलमला पण ऐकवला, त्याच्या आजोबाला पण ऐकवला.

बरं.

तिला काय सांगू नको. मी आता एवढा वेळ जे बडबडलो ना, कॅसेटीचं आणि ब्राझीलचं आणि त्या हळदीचं, ते इथेच, या ओटीवर. तुला पोरगी समजून सांगितलं. शिवानीला एवढंच सांग, काका बोलला, यादी बरोबर हाय. ओरिजिनल हाय सगळं. बेंजोची गरज नाय. काका येईल, जेवेल, फोटोत उभा राहील, जिथे उभा कराल तिथे. त्या घागरेवाल्यांच्या बाजूला पण राहीन. फडका घाल गो त्याच्यावर, तुझ्या हाताशी हाय तो. हां.

आणि एक काम कर, हे तुझ्या फोनमध्ये लिहून घे, मोठ्या अक्षरांत, आणि त्या तीन देशांच्या पाव्हण्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत समजावून सांग. आवतण चालू असताना म्हातारी मध्येच थांबेल. तेव्हा कोणी टाळ्या वाजवायच्या नायत, कोणी ती पिशवी फुंकायची नाय. ती थांबली म्हंजे तिचं झालं नसतं.

पावलांचा आवाज येतोय, आय येतेय पुढे. जा तू. मागच्या दाराने नको, इकडून जा. चपला उन्हात हायत तुझ्या. जा.